चमकीचं घर

बेलापूरला प्रवरेच्या पुलावर एसटी अडकली, पण पुढच्या बाकावरच्या आप्पासाहेबांची टिमकी काही थांबेना. एकुलत्या पोरासाठी बांधलेल्या तीन मजली बंगल्याची थोरवी ऐकून मागे बसलेल्या इंदूताईंचे कान किटले होते. तेवढ्यात आप्पासाहेबांची नजर शेजारी बसलेल्या भाचीच्या मांडीवरल्या बरणीवर गेली.

"मने, किडं धराया नगरला शिकाय गेलीस व्हय? बापाचं नाव काढलंस!"

"मामा, ही कॅडिसफ्लायची, नदीतल्या एका किड्याची अळी आहे. तोंडातल्या चिकट धाग्यानं वाळूचे कण जोडते आणि अंगाभोवती घर बांधते."

"वाळू कुठाय? ही तर गनपतीची चमकी दिसती."

"प्रवरेत वाळू राहिलीय कुठं? ती तुमच्या बंगल्यात जाऊन बसली. मग मिळेल त्यात भागवते बिचारी."

"लई शानी झालीस! अन् येवढं घर बांधून करती काय?"

"त्यातच वाढते. मग पंख फुटले की बाहेर पडते आणि उडून जाते."

"अन् घर?"

"पडतं रिकामं."

"ऱ्हायाचंच न्हाई, तर बांधायचं कशाला? असला येडा किडा जल्मात बघितला न्हाई!"

"खरंय. बरं मामा, अनीशदादा यंदा तरी येतोय का कॅनडाहून दिवाळीला?"

पुढची गाडी हलली. एसटीनं गचका दिला.

"मामा?"

"झाकन लाव त्या बरनीचं. घट लाव."