कपाटातला सुमेध

— नाही हो मामा, मुलगा कुठला? बायोडाट्यात लिहिलंय तेच खरं, आम्हाला एकच मुलगी. आत्ता आतून जो ओरडला ना — 'सोड मला, नाहीतर कंदील विझवीन' म्हणून — ती संघमित्रा. हो, तीच. जिला बघायला तुमचा भाचा प्रफुल्ल संध्याकाळी येणारे, तीच. बसा, उठू नका घाबरून. तिला कुणी धरलेलं नाहीये आत. कपाटात बसलीय, एकटीच. रोजच बसते — आणि पंख्याच्या बटणाला तेवढा हात लावू नका. पंखा दुपारचा चालत नाही आमच्याकडे. म्हणजे चालतो, पण चालवत नाही, माइकमध्ये येतो तो. कुकरची शिट्टी बंद, मिक्सर बंद, संघमित्राची आई, लता, चटणीसुद्धा शेजारच्या रंगूबाईंकडे जाऊन वाटते. तुम्ही घाम पुसा, मी हळू बोलतो. हळू बोलणं मला जमत नाही हे कळलंच असेल तुम्हाला. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो मी, सगळी नोकरी स्टँडवर माइकपुढं गेली. तुम्ही सिन्नरचे, म्हणजे माझ्या आवाजावर कितीदा पळत जाऊन गाडी पकडली असेल, आणि आता समोर बसलोय तर ओळखत नाही. चालायचंच.

तर मुलगी कपाटात बसून करते काय, असं तुम्हाला विचारायचंय, पण बरं दिसत नाही म्हणून विचारत नाही. डबिंग करते, कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणून कपाटात. जपानचं एक कार्टून आहे — कार्टून म्हटलेलं तिला खपत नाही, ॲनिमे म्हणायचं — त्यात शोकिची म्हणून एक पोरगा आहे, दहा वर्षांचा, कंदील घेऊन समुद्रातल्या राक्षसांशी भांडत असतो. का भांडतो ते मलाही नीट कळलेलं नाही. त्याचा मराठीतला आवाज म्हणजे आपली मित्रा. आणि तिकडे जपानीत कोण? पोरगा? अजिबात नाही. बाई. हात्सुए कामिओका. पन्नाशी उलटून गेलीय बाईची. तिकडे पद्धतच आहे तशी, लहान पोराचा आवाज बहुतेक बाईच काढते. आणि बरोबरच आहे ना — पोराला घेतलं तर दोन वर्षांत त्याला मिसरूड फुटणार, आवाज घोगरा होणार, मग शोकिचीचं काय करायचं? बाईला ती भानगड नाही. हात्सुएबाई तिशीची पन्नाशीला गेली, शोकिची दहाचा तो दहाचाच.

मला कसं माहीत? मला सगळं माहीत आहे मामा. मित्रा तिचे कार्यक्रम बघते, खाली इंग्रजीत येतं, आम्हाला सांगते. ही बाई सुरुवातीला होती कुठं — मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये. 'तिसरा मजला, लहान मुलांचे कपडे, दार बंद होत आहे.' म्हणजे माझंच खातं की. माझ्या गाड्या आडव्या जायच्या, तिची लिफ्ट उभी. मग तिला ॲनिमेत घेतलं, पण गर्दीत. गर्दी ओरडते ना, 'पळा पळा', त्यातली एक. मग पाव विकणारी. मग एक अंडं — हसू नका, अंडंच, सबंध वर्षभर ते फुटलंच नाही आणि ही आतून बोलत राहिली. अंड्याला तिकडे पत्रं यायची म्हणे. मग माकड. मग शोकिचीसाठी निवड होती तेव्हा बाई आपल्या धाकट्या भावाचं जुनं दप्तर पाठीला लावून गेली. इतक्या बायकांत हीच दप्तरवाली, हिलाच घेतलं. आजसुद्धा पाठीवर दप्तर असल्याशिवाय तिला शोकिची जमत नाही. म्हणून मित्रानंही दप्तर आणलं. मेन रोडला जाऊन, चौथीच्या पोराचं. आत्ता कपाटात ते लावूनच बसलीय ती, पट्टे जरा आवळतात.

आणि गेमपण असतो बरं का शोकिचीचा. गेममध्ये गोष्ट नसते फारशी, नुसते आवाज. छोटी उडी. मोठी उडी. दमल्यावरची उडी. थोडं लागलं, बरंच लागलं, कड्यावरून पडला, बुडाला, जळाला. प्रत्येक आवाज वेगळा. हात्सुएबाईनं आधी जसं केलेलं असतं ते हिच्या एका कानात, आणि तसंच हिनं करायचं, श्वाससुद्धा तिथंच घ्यायचा. पहिल्यांदा ही जळाली तेव्हा रंगूबाई बादली घेऊन आल्या होत्या. आता येत नाहीत. आता विचारतात, आज काय, बुडणं का कडा?

तुम्ही म्हणाल, लग्नानंतर कसं जमणार? का नाही जमणार? हात्सुएबाईचं नाही का झालं लग्न? झालं, चाळिशीला, एका दाताच्या डॉक्टराशी. आम्हाला फार उशिरा कळलं, तरी इथं पेढे वाटले. खोटं नाही सांगत, विचारा रंगूबाईंना. बाळंतपणाला टेकलेली बाई, पण शोकिचीला किल्ल्याच्या तटावरून उडी मारायची होती, तर मारली तिनं. खुर्चीत बसून मारली. मध्यंतरी तिच्या घशाला गाठ आली, ऑपरेशन झालं. तिकडच्या लोकांनी आवाज दुसऱ्या कुणाचा नाही लावला — गोष्टच बदलली. राक्षसानं शोकिचीच्या तोंडाला फडकं बांधलं असं दाखवलं, ते बाई बरी होईपर्यंत सोडलंच नाही. एवढा मान. आणि इथं आमची मित्रा कपाटात बसून फडक्यातून श्वास काढतीय, लता तिला ज्येष्ठमध चघळायला देतीय आणि सांगतीय, चघळ बाई, तिला तिकडे आराम पडेल. मी म्हटलं, अगं घसा तिचा बिघडलाय, ज्येष्ठमध हिला, कसं पोचणार? तर म्हणाली, आवाज पोचतो ना तिकडून इथं, मग हेही पोचेल.

आता एक सांगतो, तुम्ही चौकशीला आलाय म्हणजे बाहेरून कळेलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. गल्लीत तुम्हाला कुणी सांगेल की गांगुर्ड्यांचा पोरगा शाळेत जात नाही. तसं काही नाही. झालं असं — शाळेत न जाणाऱ्या पोरांची पाहणी असते ना, शिक्षक घरोघर फिरतात. एक मॅडम आल्या. दारात उभ्या, आणि आतून हा — ही — 'मी कुणाला भीत नाही, समुद्र माझ्या बापाचा आहे.' मॅडम म्हणाल्या, घरी का हा? आता त्याच वेळी सांगायला हवं होतं की मॅडम, ही माझी एम.कॉम. झालेली मुलगी. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या म्हणाल्या, नाव काय मुलाचं? आणि मी म्हणालो, सुमेध. निघालं तोंडातून. ते नाव आम्ही काढून ठेवलं होतं मामा, मित्राच्या पाठच्यासाठी. पाठचं काही झालं नाही. नाव तसंच राहिलं घरात, वापरायचं कुठं? मॅडमनी लिहून घेतलं. सुमेध सावळीराम गांगुर्डे. कानाला इतकं बरं वाटलं, मी म्हटलं राहू दे आजच्या दिवस, उद्या जाऊन सांगू.

गेलो नाही. मग त्या पुस्तकं घेऊन आल्या, गणवेश घेऊन आल्या. मुलाला बघू म्हणाल्या. मी म्हटलं कांजिण्या झाल्यात, लागतील तुम्हाला. मित्राला म्हटलं, आतून बोल गं. ती चिडली, दोन दिवस जेवली नाही माझ्या पंक्तीला, पण त्या वेळी बोलली — 'मॅडम, मला शाळेत यायचंय, पण अंग फार खाजतंय.' काय बोलली. मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. जाताना म्हणाल्या, आवाजावरून हुशार वाटतो. मला माझ्या सगळ्या नोकरीत कुणी असं काही म्हटलं नव्हतं. हो, मित्राबद्दल म्हणाल्या, कबूल. पण त्यांना वाटलं ना सुमेधबद्दल.

— आता तुम्ही असे बघताय. वेडा नाहीये मी. मला कळतं सुमेध नाहीये ते. पण ऐका — मित्राला डॉक्टरनं सांगितलंय, घसा जपायचा, कामाशिवाय बोलायचं नाही. मग ती दिवसभर खुणा करते. भाकरी वाढू का — हात. मी जाऊन येते — हात. तिचा स्वतःचा आवाज या घरात शेवटचा कधी ऐकला, आठवत नाही मला. आणि काम संपवून कपाटातून बाहेर आली की पाच-दहा मिनिटं तो आवाज घशात राहतोच म्हणते, लगेच उतरत नाही, हात्सुएबाईचंही तसंच होतं. त्या वेळात बसते माझ्याजवळ, दप्तर काढत. आणि विचारते — विचारतो म्हणा — 'बाबा, आज स्टँडवर गेला होता का? माइकवर कोण होतं? तुमच्यासारखं म्हणतो का तो?' मित्रानं मला तिच्या आवाजात असं कधी विचारलं नाही हो. लहानपणीसुद्धा नाही. मोठी शहाणी पोरगी, शहाण्या पोरी बापाला असलं विचारत नाहीत. तो विचारतो. मी सांगतो त्याला सगळं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागायची, घाटात बंद पडली की काय करायचो. तो म्हणतो, मग? मग काय झालं बाबा? — एवढंच. पाच-दहा मिनिटं. मग आवाज उतरतो आणि ती खुणेनं सांगते, जेवायला बसा.

आता ही लग्न करून सिन्नरला गेली, तर ते कपाट कुठं जाणार? तिच्याबरोबर. सांगा तुम्हीच. मी ती गणवेशाची चड्डी घेऊन इथं काय करत बसू?

निफाडचे आले होते मागं, द्राक्षबागायतदार, चांगली माणसं. त्यांना मी सांगितलं, मुलगी दिवसातून पाच-सहा वेळा मरते. खोटं होतं का? नव्हतं. पण गेममध्ये मरते हे सांगायचं राहिलं. ते चहा न घेता गेले. देवळालीच्या लोकांना म्हटलं, तिच्यात एक लहान मूल आहे. त्यांनी भलताच अर्थ घेतला, मी सुधारला नाही. आणि तुम्ही — लताला वाटतंय तुम्ही संध्याकाळीच येणार, ती पंचवटीत भाजीला गेलीय. फोनवर तुम्हाला दुपारी या म्हणून मीच सांगितलं. तुम्ही ऐकावं म्हणून. मी कितीही नाही म्हटलं तरी पोराचा आवाज ऐकून माणूस म्हणेल, ह्यांनी मुलगा लपवला, खोटारडे लोक, आणि उठून जाईल, असा माझा हिशोब. तुम्ही गेलाच नाहीत. उकाड्यात बसून ऐकताय. आता सगळं सांगून बसलो तुम्हाला, तर लताला तेवढं सांगू नका.

काय म्हणालात? मुलीला विचारलं का? — नाही विचारलं. कसं विचारणार, ती बोलत नाही ना. खुणेनं लग्नाचं कसं विचारतात?

— थांबा. आत काम थांबलं वाटतं. ऐकू येतंय का तुम्हाला? नाही, राक्षसाशी नाही बोलत. माझ्याशी बोलतोय. ऐका ऐका. — हां, बोल रे बाळा. — काय? — परत म्हण. — ताईला जाऊ द्या? ताईला फोटोतला प्रफुल्ल आवडलाय? तिनं सांगितलं तुला? — तुला सांगितलं आणि मला नाही? — बरं. बरं, रडू नकोस. ताईचं बघू आपण. मी काय तिचा वैरी आहे का? देऊ करून. पण तू, तू कुठं राहशील मग? — बोल ना. गप्प का झालास?

मामा, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर जाऊन बसता का? घरातलं बोलणं चाललंय.