उशीपाशी आलेली बुरशी

दवाखान्यात नंबर यायचा होता. विद्यार्थिनीचे डोळे पुस्तकात होते, पण कान शेजारच्या दोघी जावांकडे लागले होते. धाकटीच्या मांडीवर तिची लेक खोकत होती.

“अगं, बुरशीवर नुसता रंग फासलास? आधी ओल काढायची असते.”

“पण ताई, ओल येतेय कुठून? छत कोरडं, नळ लांब. डाग फक्त सासूबाईंच्या उशीपाशी.”

“मग श्वासाची वाफ असणार. भिंतीकडे तोंड करून झोपलं की तिथं बुरशी धरते.”

“त्या गेल्यावर खोली बंदच होती. डाग त्यानंतर आलाय.”

“…हिला तरी तिथं जाऊ देऊ नकोस. खोकला बघ केवढा!”

“आमच्याजवळच निजवते हो. सकाळी तिथंच सापडते, पलंगाच्या अगदी कडेला, पडायच्या बेतात. म्हटलं, नीट आत सरकून झोपावं की गं. तर म्हणते, ‘आत जागा नाही.’”