भावजींचा त्याग

उपासतापासाचं बोलणं निघालं की मला आमचे धाकटे भावजी आठवतात. मध्यभारत सरकारात हेडक्लार्क होते, त्यामुळे देवाचं खातंही आपल्याच टेबलावर आहे असं त्यांना वाटायचं. माझी रोझी चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे फर्स्ट कम्युनियनची, तयारी करत होती. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं मीच तिला घरी शिकवत होते, तर म्हणाले, "वहिनी, नुसत्या मॅट्रिक झालेल्या बाईचं हे काम नव्हे. पोरगी नापास होईल. मी बघतो."

बघितलं की त्यांनी! शनिवारी फादर तिची परीक्षा घ्यायला घरी आले. भावजी शेजारी बसले, एक हात पोटावर.

फादर हिंदीत बोलायचे. "बेटी, शुक्रवार को हम मांस क्यों नहीं खाते?"

"त्याग करने के लिए, फादर."

"शाबाश! तो कल क्या खाया?"

"काका रात को सराफे की मिठाई की दुकानों में ले गए थे. रबड़ी खाई, फिर जलेबी, फिर काका ने और रबड़ी ली. बोले, त्याग ऐसा ही करते हैं."

भावजी खोकले. मला वाटलं, गेली पोर!

फादर शांतपणे म्हणाले, "तो इसमें तकलीफ किसको हुई?"

"काका को, फादर. देखिए ना, अभी भी पेट पकड़कर बैठे हैं."

फादरांनी रोझीला पास केलं. निघताना भावजींना म्हणाले, "बच्ची को माँ ही पढ़ाएगी. आप भी साथ में बैठ जाया कीजिए."

आणि फादर फाटकाबाहेर पडताच आमचे हे घरचे धर्मगुरू मला विचारतात, "वहिनी, घरात ओवा आहे का हो?"