तिनंच तुला गाडीत बसवलं

हॅलो?… हॅलो? हो, वस्तीवरचं दुकानच हे. कोण हवंय?… मॉडी? मीच मॉडी. बोला ना… अहो, जरा मोठ्यानं बोला… ए क्लेम, तो फ्रीझर बंद कर रे! नुसती घरघर… विरघळलं तर विरघळू दे तुझ्या दुकानातलं आइस्क्रीम!… हं, आता बोला.

मार्गरेट? कोण मार्गरेट?… पर्थहून?… हो हो, त्या ऑफिसातल्या बाई येऊन गेल्या आमच्याकडे. सरकारनं पळवलेल्या पोरांची माणसं शोधून देतात त्याच ना? त्या म्हणाल्या होत्या, एखादे दिवशी फोन येईल म्हणून…

…जूनी?

जूनी, तू आहेस?… अगं… थांब, थांब, मला खोक्यावर बसू दे… नाही, बरी आहे मी… अगं, मी तुझी मोठी बहीण. आई एकच आपली… नाही बाई, मार्गरेट मला म्हणवणार नाही. ते मिशनवाल्या पाद्र्यांनी ठेवलेलं. इथं तू जूनीच आहेस.

रडू नकोस… बरं, रड. मी तरी काय करतेय?

आई? आहे गं… आहे म्हणजे जिवंत आहे! कोण म्हणालं गेली?… मिशनवर?… एवढ्याशा पोरीला सांगितलं, आई मेली? वा रे वा! आणि ही इथं बसलीय की! दुकानासमोर, त्या फुगीर बुंध्याच्या बोअबच्या झाडाखाली. मला दिसतेय इथून. थांब, बोलावते.

ए आई! फोन आलाय!… जूनीचा!… अगं जूनीचा, तुझ्या जूनीचा!

…हं, जूनी. ऐकलं तिनं… नाही, उठली नाही… नाही गं, कान चांगले आहेत तिचे. ऐकलं, आणि पाठ केली इकडे… राग नाही हा. तुला कसं सांगू… अगं ऐक ना…

काय?… काय आठवतं तुला?… हो… हो… तिचे हात. काखेत धरून… हो. तिनंच तुला गाडीत बसवलं. बरोबर आठवतंय तुला. मी खोटं कशाला बोलू?

नाही, नाही, फोन ठेवू नकोस! जूनी! इतकी वर्षं तेवढंच उराशी धरून बसलीस ना? मग आता उरलेलंही ऐकून घे.

तुझा कान वाहत होता. रात्र रात्र कळवळायचीस. आई तेव्हा गोऱ्या मालकाच्या घरी कपडे धुवायची. तिथं तो सरकारी साहेब आला, सोबत पोलीस. म्हणाला, पोरीचा कान सडेल, गावातल्या डॉक्टरला दाखवतो आणि परत आणून सोडतो. मालकीणबाईनंही मान डोलावली. मग आईनं तुला आंघोळ घातली, धुतलेला फ्रॉक घातला, आणि उचलून बसवलं गाडीत… हसत बसवलं गं. तू घाबरू नयेस म्हणून.

मी? मी होते ना तिथं. मीपण चढायला गेले. मोटारीत बसायला मिळतंय, कोण सोडतो? तर त्या साहेबानं मला हातानं बाजूला सारलं… मला कशाला नेतील? माझा बाप आपल्यातला, मी ही अशी कोळशासारखी. तुझा बाप गोरा गुराखी, तू उजळ. त्यांना उजळ पोरं हवी होती. गोऱ्यांत वाढवायची, गोऱ्यांच्या घरी कामाला लावायची… हो, तेवढंच कारण. अजून कसलं असणार?

मग काय… मग वाट बघितली. गाडीचा आवाज आला की हातातलं धुणं टाकून पळायची. शेवटी मला मावशीजवळ ठेवलं आणि चालत निघाली, नदीच्या कडेकडेनं. तेव्हा परवानगीशिवाय आपल्या माणसाला गावात पाऊल टाकता यायचं नाही. पोलिसानं वेशीवरच अडवली, परत आणून सोडली. पुन्हा गेली. पुन्हा आणली. मग एकदा लपतछपत पोचली दवाखान्यापर्यंत. तिथली नर्स म्हणते, ती पोरगी? तिला केव्हाच बोटीनं पाठवली… कुठं ते कोण सांगतंय हिला! दारातून हाकललं.

जूनी… आहेस ना?… हं.

एक सांगू? त्यानंतर आईनं कुठल्याही पोराला उचलून घेतलं नाही. माझी चार झाली. मांडीवर बसवेल, भरवेल, गोष्टी सांगेल. पण कडेवर घे म्हटलं की हात मागे घेते. एकदा मी चिडले, म्हटलं, अशी कशी गं तू आजी?… तेव्हा बोलली. म्हणाली, माझ्या हातांनी दिली मी. तिलाही तेवढंच आठवत असेल… म्हणून पाठ केलीय तिनं. कळलं?

काय सांगू तिला?… पुन्हा सांग, आवाज फाटतोय तुझा… बरं… हो… हो, असंच्या असं सांगते.

ए आई! ती म्हणते, मला ठाऊक नव्हतं! म्हणते, आता कळलं!… म्हणते, आईला म्हणावं, ये ना!

…उठली! जूनी, उठली ती. ए क्लेम, हात दे रे तिला… नको म्हणते. ढकलला त्याला. येतेय आपली आपण… हळू, अगं पायरी!

जूनी, ती येईपर्यंत ऐक. तिला इंग्रजी येत नाही. चहा, साखर आणि ‘येस बॉस’, संपलं. आणि तुला आपली भाषा… हो, माहीत आहे गं. मिशनवर तोंडातून शब्द निघाला की मारायचे, तिकडून आलेले सगळे तेच सांगतात. तुझा काय दोष त्यात? कळलं नाही तरी ऐक नुसती… आणि येणार कधी?… पुढच्या आठवड्यात? नक्की? ये, सध्या पाऊस नाही, रस्ता मोकळा आहे. बस दुकानासमोरच थांबते. मुलांनापण आण… दोघं? अगं बाई!

आई, ये. बस इथं. पुढच्या आठवड्यात येतेय ती, पोरांना घेऊन… हो, इथं, आपल्याकडे. घे आता. असं धर… उलटं नाही गं, हे कानाला, हे तोंडाशी. बोल.



— जूनी?

मी गं… मी.

किती जाड झाला आवाज तुझा… मोठ्या बाईचा…

मला वाटलं डॉक्टरकडे नेतात. खरंच वाटलं गं… नाहीतर दिलं असतं का? पळाले असते तुला घेऊन, तिकडे डोंगरात… मला तेव्हा पळता येत होतं…

नाही ना कळत तुला, मी काय म्हणते ते?… नाहीच कळत… असू दे. तू बोल. तुझं जे काय असेल ते बोल. मी ऐकते.

हं…

हं…

मॉडी, तू गप. मधे नको. मला नको सांगूस काय म्हणते ते. बोलू दे तिला.

हं… बोल बाई… हं… हं…

…काय झालं? बघ गं मॉडी, वाजतंय काहीतरी… लाईन गेली?

असू दे.

मला काय ठाऊक काय म्हणाली!… पण पुष्कळ बोलली गं. पुष्कळ बोलली.