गाडी थांबवणारी गोळी

—अहो, पिशवीत काय कोंबताय ती गोळी, तोंडात टाका! प्रेशरचीच ना? दाखवा. हां, हीच. लघवीला लावणारी. आमच्या मंडळीला, सुंदराबाईला हीच होती. काय म्हणता? स्वारगेटहून गाडी पकडायचीय, गावाहून आल्यावर सुरू करणार? अगदी माझ्याच अकलेचे दिसता. डॉक्टरला विचारा की, प्रवासात कधी घेऊ म्हणून— तो काय तोंडाला कुलूप लावून बसलाय? मी नागोराव, चौथी नापास, पण एवढं कळतं मला. म्हणजे आता कळतं.

आत पडलीय ती, तीन नंबरच्या खाटेवर. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चाळीस वर्षं बडबडली, आता नुसतं अं-अं. घरात कसं शांत वाटतं— हां, सून इथं असते, घरी मी एकटाच असतो म्हणा. असो.

तर गोळी. पुतण्याच्या लग्नाला वऱ्हाडाची गाडी निघाली साताऱ्याला. हिनं सकाळीच गोळी खाल्लेली. कात्रजला एकदा गाडी थांबवली, घाटात एकदा. "अहो, सांगा ना थांबवायला"— पदर तोंडाला लावून, कुजबुजत. तिसऱ्यांदा ड्रायव्हरच म्हणाला, आजींना मागं बादली बांधू का? सगळी गाडी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी. वर म्हणलं, बरंय, येताना हिच्या खुणांवरून वाट सापडेल! मांडव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. पाण्याचा घोट घेतला नाही.

पुढचं लग्न आलं, मेहुणीच्या नातीचं. तेव्हा मी गोळ्यांचं पाकीटच उचलून खिशात टाकलं. दोन दिवसांचा तर प्रश्न! गाडी कुठं थांबली नाही, बरं वाटलं. परत आल्यावर म्हणते, "अहो, गोळ्या?" म्हणलं, संपल्या, आणतो. चांगली हिंडतीस की! आणि हिंडतच होती हो— चक्कर नाही, डोकेदुखी नाही. प्रेशर काय दारात उभं राहून हाक मारतंय? दीड महिना. आधी रोज विचारायची. मग विचारायचं सोडलं. एक दिवस मंडईतनं मेथी आणली, ती निवडता निवडता कलंडली.

डॉक्टर म्हणाला, आजोबा, आजी गोळी रोज घ्यायच्या ना? म्हणलं, रोज, एक दिवस चुकली नाही. आमची सून अक्षता शेजारी उभी. तिच्यासमोर काय सांगू, मी लपवल्या म्हणून? तर तो म्हणतो, मग ही गोळी पुरत नाही, जोरातली देऊ, जोडीला दुसरी देऊ. कालपासून देतायत. आज सकाळी प्रेशर असं खाली गेलं, डोळे फिरवले तिनं. नर्सा धावल्या. आता डॉक्टर बघतोय म्हणे कुठली गोळी बदलायची.

काय? जाऊन सांगू? तुम्ही कोण हो मला शिकवणारे? तिला बोलता येत नाही, मी बोलणार नाही, संपला विषय. बघते मात्र. सकाळी मी गोळी पुढं केली तर दात मिटून घेतले. सुनेनं दिली, घेतली मुकाट. माज बघा, अर्धं अंग गेलं तरी!

अहो, उठलात कुठं? संडास त्या बाजूला आहे. तिकडं नाही, ते डॉक्टरचं दार आहे. अहो! म्हाताऱ्याचं काय खरं धरता, गंमत केली मी— ओ भाऊ, वाजवू नका दार. आत सून बसलीय. निदान तिला बाहेर येऊ द्या, मग—