चार बोटं पाणी

—नाही नाही, हा पट्टा मांडीखालून घ्या साहेब, असा... हां. जरा ओढतो, राग मानू नका. टॉवरला लिफ्ट आहे, पण ती निम्म्यातच रुसते, पुढे शिडीच. तुम्ही म्हणाल, हा माणूस खाली उभा राहून नुसते पट्टे आवळतो की काय — तर होय, सध्या तेच. गुडघा बोलतो माझा. तीन महिने वर पाय ठेवलेला नाही, लिहून घ्या हवं तर. पण त्याआधी सतरा वर्षं या वीसच्या वीस पवनचक्क्यांची काळजी कुणी वाहिली? मी. ही दाराची चौकट दिसतेय ना? तिच्यावर असा तळवा टेकायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं — वरचा बोल्ट सैल आहे, पात्याला तडा गेलाय, किंवा काही नाही, नुसता वारा आहे. नाडी बघतो म्हणून सगळे मला वैद्यबुवा म्हणायचे. मोठे साहेबसुद्धा म्हणायचे, आधी वैद्यबुवांना विचारा. आता काय म्हणतात? मॅडमना विचारा.

मॅडम म्हणजे आमची धाकटी. हो, सख्खी बहीण — तुम्हाला माहीत नव्हतं? बरं झालं. अभिमान आहेच की, नसायला काय झालं! सहा वर्षं लांब शिकली, तिकडेच राहिली असती तर कुणी नको म्हटलं नसतं. पण परत आली, आणि आली ती नेमकी माझ्याच टॉवरांपाशी. जग एवढं मोठं पडलंय, साहेब! हा सात नंबरचा फार डोलायचा — आम्ही त्याला बेवडा म्हणायचो — तीन सेकंदांना एक झोका, वारा पडला तरी थांबायचा नाही. अशा झोक्यांनी लोखंड थकतं, जोड चिरतात. मी काय करायचो? मशीन बंद करा म्हणायचो. तिनं काय केलं? वर खाटेएवढे ट्रे बसवले, एकावर एक, आणि त्यांत पाणी भरलं. टॉवर इकडे झुकला की पाणी तिकडून धडक मारतं, झोका जागीच मरतो. मी सगळ्यांसमोर म्हणालो — उथळ पाण्याला खळखळाट फार! हशा पिकला. सगळ्यांत जास्त कोण हसलं? तीच. म्हणाली, "अगदी बरोबर दादा, खळखळाटच हवाय मला, उथळच हवं." झालं, त्या दिवसापासून त्या ट्रेंना सगळे खळखळाट म्हणतात. टोमणा माझा, नाव तिचं.

आणि कल्पना तरी कुणाची? लहानपणी तिला सायकलवर पुढे बसवून मी पाण्याचा डबा मागे बांधून आणायचो. अर्धा डबा असला की सायकल डगमगायची. मीच सांगितलं तिला — हलू नकोस गं, पाणी उलटं ओढतंय. आठ वर्षांची होती. ती विसरली नाही, मी विसरलो. एवढाच फरक — आणि तेवढ्या फरकाला डिग्री मिळते बघा.

तुम्ही आज वर तपासून हो म्हणालात तर वीसही टॉवरांवर बसणार हे, नाही म्हणालात तर सगळं भंगारात, आणि ती पुन्हा बॅग भरणार. तिकडून बोलावणं आलंय तिला, पत्र पाहिलंय मी. जाईना का! मला काय... पाणी किती, विचारताय? चार बोटं. मोजपट्टी होती की तिच्याकडे, तरी म्हणाली, "दादा, तुझी बोटं लाव," आणि माझ्या तर्जनीच्या कडेनं रेघ मारली. एक बोट कमी झालं तरी ताल चुकतो, टॉवर एकीकडे, पाणी भलतीकडे. आणि आता तर दोनच बोटं उरलंय, मग हा पुन्हा डोलणार नाही तर काय—

काय?

नाही, दोन बोटं तुम्हीच म्हणालात ना आत्ता. नाही? नुसतं "पाणी कमी" म्हणालात? मग तिनं तुम्हाला पाठवलेल्या कागदात असेल, बघा ना. द्या इकडे. "पाण्याची गळती. जोडणी मी स्वतः तपासली होती. चूक माझी." आणि खाली सही. एवढंच? माझं नाव... बरं.

हा पुन्हा डोलायला लागला त्या सकाळी आली ना ती, लॅपटॉप गाडीतच ठेवला. सरळ या चौकटीपाशी गेली, माझ्याच जागेवर तळवा टेकला, डोळे मिटले — मी नाही शिकवलं हो, कुणालाच नाही शिकवलं — आणि म्हणाली, "दादा, पाणी कमी झालंय." मग माझ्याकडे बघितलं. मग गुडघ्याकडे. "दुखतोय का रे अजून?" बस, एवढंच. वर जाऊन आली, आणि खाली बसून हे लिहिलं. मला वाटलं, तुमच्याकडे माझंच नाव गेलंय. तीन दिवस वाट बघतोय मी तुमची.

सोडा तो पट्टा. हो, सोडा, माझ्या मापाचा आहे तो. गळती नाहीये तिथं, साहेब. ट्रेचा कॉक चांगला आहे, दोन बोटं पाणी सोडून मीच घट्ट बंद करून उतरलोय. गुडघ्याला काय धाड भरलीय! पाणी भरायचं तर चार बोटं लागतात, ती माझ्याकडे आहेत. तुम्ही तिच्या केबिनमध्ये जाऊन बसा. तो कागद फाडा, दुसरा मी लिहून देतो, खाली उतरलो की. आणि तिला — नाही, तिला काही सांगू नका. कळलंय तिला.

सरका. दार मोकळं करा.