रंगवून दिलेली भिंत

मोफत कायदेसल्ल्याच्या खोलीतून शिवणकाम करणारी भावजय बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या नणंदेजवळ टेकली.

“काय म्हणाले वकील? अनामत मिळेल परत?”

“वापरून मळलेल्या भिंतीपायी घरमालकाला पैसे कापता येत नाहीत म्हणे, वन्सं.”

“मग झालं की!”

“मळकी कुठे ठेवली मी? कुणाचं घर घाण परत करू नये, म्हणून निघताना रंगवून दिली.”

“त्याला विचारून?”

“चांगलं काम काय विचारून करायचं? आता तो म्हणतो, परस्पर रंग बदललात. अनामत पुन्हा रंगवण्यात गेली.”

“देवा रे! आणि नवी खोली?”

“आज पैसे नाही भरले तर गेलीच. मी पडेन दुकानात, मशीनपाशी. पण वन्सं, तुमच्या आईंना तेवढं...”

“आमच्याकडे जागा कुठाय गं?”

“दाराशी अंथरूण टाकलं तरी चालेल, म्हणाल्यात.”